अहमदनगरच्या किल्ल्यातली ती दुपार : मौलाना आझाद आणि सब्र

घरात कोणी आजारी असतं. आपण नमाजनंतर हात उचलतो, तहज्जुदला उठतो, रडून मागतो. आणि तरीही व्हायचं ते होतंच. माणूस जातो. मग मनात एक प्रश्न येतो आणि तो कोणाला बोलूनही दाखवता येत नाही, की अल्लाहने आमचं ऐकलंच नाही का? हा प्रश्न ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी आज आम्ही मौलाना अबुल कलाम आझाद (रह.) यांच्या आयुष्यातलं एक पान उघडतो आहोत. हे पान आपल्याच महाराष्ट्रात लिहिलं गेलं.

मौलानांचा जन्म १८८८ चा, मक्का शरीफमधला. पुढे कुटुंब कलकत्त्याला आलं. तरुण वयातच त्यांनी 'अल-हिलाल' काढलं, इंग्रज सरकारचा रोष ओढवून घेतला आणि १९१६ पासून रांचीला नजरकैद भोगली. कुरआनच्या तर्जुम्याचे आणि तफसीरचे कागद पोलिसांनी जप्त केले. कित्येक वर्षांची मेहनत वाया गेली, पण त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. त्यातूनच 'तर्जुमानुल कुरआन' उभं राहिलं.

१९४२ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. ३ ऑगस्टला ते मुंबईच्या बैठकीसाठी कलकत्त्याहून निघाले. पत्नी जुलैखा बेगम दरवाजापर्यंत आल्या. त्यांची तब्येत आधीपासूनच ठीक नव्हती. निरोपाचे दोन शब्द बोलल्या, बाकी काही नाही. ती शेवटची भेट ठरली. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत अटक झाली आणि पंडित नेहरूंसह सगळ्यांना रेल्वेने अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात आणून ठेवलं.

मार्च १९४३ मध्ये खबर आली की बेगमची प्रकृती गंभीर आहे. जेलच्या अधिकाऱ्याने सांगितलं, तुम्हाला सरकारला काही लिहायचं असेल तर मी लगेच पाठवतो. म्हणजे मार्ग खुला होता. पण ज्या सरकारशी लढा चालू होता, त्याच्याकडे स्वतःसाठी सवलत मागायची नाही, हे मौलानांनी ठरवलेलं होतं. नेहरूंनीही येऊन बराच वेळ चर्चा केली. मौलानांचं उत्तर तेच राहिलं.

मग सुरू झाली वाट पाहणं. रोज दुपारी वर्तमानपत्रं येत. अधिकाऱ्याच्या पावलांचा आवाज आला की मौलानांचं काळीज धडधडायचं. पण ते जागेवरून उठत नसत, शांतपणे बसून राहत. जेवणाची वेळ, लिहिण्याची वेळ, सगळं ठरल्याप्रमाणे. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला काही झालंच नाही.

आणि इथेच मौलानांचा खरा मोठेपणा आम्हाला दिसतो. 'गुबार-ए-खातिर' या आपल्या पत्रसंग्रहात त्यांनी स्वतःच कबूल केलं आहे की ही शांतता बरीचशी वरवरची होती, आत वादळ चालू होतं. मनाला आवर घालता आला, शरीराला नाही. अटकेच्या वेळी १७० पौंड असलेलं वजन किल्ल्यातून हलवलं तेव्हा १३० वर आलं होतं.

९ एप्रिल १९४३ ला दुपारी तार हातात पडली. बेगम गेल्या होत्या. ३६ वर्षांचा संसार संपला, आणि दोघांच्या मध्ये तुरुंगाच्या भिंती होत्या. किल्ल्याच्या आवारात एक जुनी अनोळखी कबर होती. ती मौलानांनी शेकडो वेळा पाहिली असेल, पण त्या दिवसानंतर तिच्याकडे बघताना त्यांना वेगळीच माया वाटू लागली. जखम भरलीही नव्हती, तोच काही महिन्यांत भोपाळहून बहीण आबरू बेगम यांच्या इंतकालची बातमी आली.

आपल्याकडे लोक रडणाऱ्याला लगेच गप्प करतात, म्हणतात सब्र करा. जणू डोळ्यात पाणी आलं की तवक्कुल संपलं! पण हजरत याकूब (अलै.) यांची नजर मुलाच्या दुःखात गेली होती आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांचे डोळे छोट्या इब्राहीमच्या जाण्याने भरून आले होते. दुःख होणं हा ईमानचा कमकुवतपणा नाही. दुःखातही अल्लाहच्या दारातून न उठणं, हे सब्र. आमच्या दीनने शिकवलं आहे की दुआ वाया जात नाही. कधी मागितलेलं मिळतं, कधी त्याबदल्यात एखादं संकट टळतं, कधी तिचा मोबदला आखिरतसाठी राखला जातो. यातलं काय झालं, हे आपल्याला इथे कळेलच असं नाही. तिथेच भरवसा लागतो.

मौलानांची परीक्षा इथे थांबली नाही. ज्या एकसंध देशासाठी आयुष्य झिजवलं, त्याची १९४७ ला फाळणी झाली. तरी ते कोपऱ्यात जाऊन बसले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत उभं राहून त्यांनी घाबरलेल्या मुसलमानांना धीर दिला, इथेच राहायला सांगितलं. पुढे देशाचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून २२ फेब्रुवारी १९५८ ला इंतकाल होईपर्यंत काम केलं.

पण आमच्या मनात घर करून राहतो तो १९४५ चा प्रसंग. सुटका होऊन मौलाना कलकत्त्याला परतले. स्वागताला गर्दी, मोटार फुलांनी भरलेली. हावडा पूल ओलांडताना दरवाजात उभ्या असलेल्या बेगम आठवल्या. त्यांनी घरी न जाता मोटार कबरस्तानाकडे वळवायला लावली. त्या फुलांतला एक हार उचलून कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा पढली.

जिच्यासाठी इतकी वाट पाहिली ती परत आली नाही, आणि तिच्या कबरीशी उभं राहून मौलाना पुन्हा त्याच रबकडे वळले. तुमच्याही घरात अशी एखादी दुआ अडकून राहिली असेल, तर आज इशाला तिच्यासाठी पुन्हा हात उचला. रडू आलं तर येऊ द्या.