रेडिओवाल्या हर्ट्झनं नाताळच्या सुट्टीत सोडवलेलं गणित आजही कॉम्प्युटरची परीक्षा घेतं

रेडिओची फ्रिक्वेन्सी असो नाहीतर मोबाईलचा प्रोसेसर, 'हर्ट्झ' हा शब्द रोज कानावर पडतो. हे नाव हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं. रेडिओ लहरी सिद्ध करणारा माणूस म्हणून जग त्याला ओळखतं. पण मशीन डिझाईन करणारे इंजिनिअर त्याचं नाव घेतात ते वेगळ्याच कारणासाठी.

हर्ट्झचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, हॅम्बुर्गमधला. वडील वकील. त्याने आधी इंजिनिअरिंगची वाट धरली, मग फिजिक्सकडे वळला. बर्लिनला हेल्महोल्ट्झच्या हाताखाली शिकून १८८० मध्ये डॉक्टरेट मिळवली.

तेव्हा भिंगं एकमेकांवर ठेवून प्रकाशाच्या कड्या तपासल्या जायच्या. हर्ट्झला प्रश्न पडला, भिंगं दाबली तर काच थोडी चपटी होणारच, मग मोजमापाचं काय?

१८८० च्या नाताळच्या सुट्टीत तो या गणिताला बसला. अडचण अशी की, किती भाग टेकलाय हे कळल्याशिवाय दाब कळत नाही आणि दाब कळल्याशिवाय किती भाग टेकलाय हे कळत नाही. हर्ट्झने हा तिढा सोडवला. दोन गोल एकमेकांवर दाबताना जोर ८ पट केला, तरी टेकलेल्या वर्तुळाची त्रिज्या फक्त २ पट होते. जानेवारी १८८१ मध्ये त्याने हे काम बर्लिनच्या फिजिकल सोसायटीपुढे मांडलं. वय होतं अवघं २३.

पुढे कार्ल्सरूहमध्ये त्याने रेडिओ लहरी सिद्ध केल्या आणि नाव झालं. पण आजारपणाने गाठलं. १ जानेवारी १८९४ रोजी बॉनमध्ये तो गेला, वयाच्या ३६ व्या वर्षी.

आज बेअरिंग, गिअर, रेल्वेचं चाक यांचं गणित कॉम्प्युटर करतो. वस्तूचे बारीक तुकडे पाडायचे, याला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. तिढा मात्र तोच. म्हणून कॉम्प्युटर आधी अंदाज बांधतो, मग फेरीमागून फेरी तो सुधारत जातो. दर फेरीला बाहेरचा जोर आणि आतला प्रतिकार यांतली तफावत मोजली जाते. ती ठरवलेल्या मर्यादेत आली की उत्तर 'कन्व्हर्ज' झालं. कधी एखादा बिंदू एका फेरीत टेकतो, पुढच्या फेरीत सुटतो आणि तफावत कमीच होत नाही. म्हणून तिच्या आलेखावर सतत नजर ठेवावी लागते.

पण खरी गोम पुढे आहे. तफावत मिटली म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नाही. तुकडे मोठे असतील तर चुकीचं उत्तरही छान कन्व्हर्ज होतं. बेअरिंगमध्ये कातरणारा ताण सगळ्यात जास्त असतो तो पृष्ठभागाच्या जरासा आत, आणि भेग अनेकदा तिथूनच सुरू होते. मोठ्या तुकड्यांत नेमकं तेच निसटतं.

मग विश्वास ठेवायचा कशावर? इंजिनिअर आधी दोन गोलांचं साधं उदाहरण कॉम्प्युटरला देतात. तुकडे बारीक करत जातात आणि आलेलं उत्तर हर्ट्झच्या सूत्राशी ताडून बघतात. ते जुळलं, तरच पुढच्या अवघड गणिताला हात घालतात.