ओलौदा इक्वियानो : स्वतःचा ग्रंथ स्वतःच्या हाती ठेवणारा लेखक

अठराव्या शतकातील गुलामांच्या व्यापाराचा पाठ शिकविताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. ज्या माणसांना विकण्यात आले, त्यांच्यापैकी कोणी आपली हकीकत लिहून ठेवली आहे काय? अशा वेळी मी ओलौदा इक्वियानो यांचे नाव सांगतो. त्यांनी हकीकत लिहिली, स्वतः छापून घेतली, गावोगाव नेऊन विकली आणि त्या मिळकतीवर संसार उभा केला. लिहिण्याची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. विकण्याची फारशी नसते. म्हणून येथे तिच्याविषयीच अधिक लिहितो.

इक्वियानो यांच्या स्वतःच्या कथनानुसार त्यांचा जन्म 1745 च्या सुमारास आजच्या नायजेरियातील इग्बो प्रदेशात झाला. सुमारे अकराव्या वर्षी त्यांना बहिणीसह पळविण्यात आले. (इंग्लंडमधील काही दप्तरांत त्यांचे जन्मस्थान कॅरोलिना असे नोंदले आहे, आणि यावरून अभ्यासकांत आजही वाद आहे.) व्हर्जिनियात त्यांना पास्कल नावाच्या एका आरमारी अधिकाऱ्याने विकत घेतले आणि त्यांच्यावर गुस्तावस वासा हे नाव लादले. आरमाराच्या जहाजांवर सप्तवार्षिक युद्धाच्या धामधुमीत हा मुलगा लिहा-वाचायला शिकला. पुढे स्वातंत्र्य मिळेल अशी आशा असतानाच पास्कलने त्यांना परत विकले, आणि 1763 मध्ये ते वेस्ट इंडीजमधील मॉन्टसेराट बेटावर रॉबर्ट किंग या व्यापाऱ्याच्या मालकीत गेले.

येथे त्यांच्या आयुष्यातील हिशेबाचे पर्व सुरू होते. धन्याच्या जहाजावर काम करीत असताना जवळच्या अवघ्या तीन पेन्सांतून त्यांनी एका बेटावर काचेचा पेला घेतला व दुसऱ्या बेटावर तो दुप्पट किमतीला विकला. मग आणखी पेले, मग इतर किरकोळ माल. गोरे गिऱ्हाईक माल उचलून पैसे बुडवी आणि दाद मागायला न्यायालय नसे. तरीही पै-पै साठवून 11 जुलै 1766 रोजी त्यांनी 40 पौंड मोजले आणि स्वतःचे मुक्तिपत्र हाती घेतले. ज्याची किंमत एकदा दस्तऐवजात लिहिली गेली आहे, त्या माणसाला मालकी या शब्दाचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही.

नंतरची वीस वर्षे थोडक्यात सांगतो. त्यांनी लंडनमध्ये केशकर्तनाचा धंदा शिकून घेतला, अनेक समुद्रप्रवास केले, 1773 मध्ये उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या मोहिमेत भाग घेतला. झाँग या जहाजावरून शंभराहून अधिक गुलामांना जिवंत समुद्रात फेकल्याची वार्ता 1783 मध्ये ग्रॅनव्हिल शार्प यांच्यापर्यंत त्यांनीच पोहोचविली. सिएरा लिओनच्या वसाहत योजनेत त्यांना सरकारी पद मिळाले होते. सामानातील गैरव्यवहार उघड केल्यावर 1787 मध्ये ते गेले.

आता ग्रंथाकडे येऊ. त्या काळी लेखक बहुधा हस्तलिखित एकरकमी विकून मोकळा होई; पुढचा नफा पुस्तकविक्रेत्याचा. इक्वियानो यांनी तसे केले नाही. त्यांनी आगाऊ वर्गणीदार जमविले. दोन खंडांची किंमत सात शिलिंग. निम्मी रक्कम नाव नोंदविताना, उरलेली प्रत हाती पडल्यावर. या निम्म्या रकमेतून छपाईचा खर्च भागे आणि कोणा धनिकाचे मिंधे व्हावे लागत नसे. मार्च 1789 मध्ये पुस्तक निघाले तेव्हा 311 वर्गणीदार होते आणि त्यांची नावे ग्रंथातच छापली होती. त्यांत राजपुत्राचेही नाव होते. आपण या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापतो ती कृतज्ञता म्हणून. इक्वियानो यांच्या यादीत कृतज्ञतेबरोबर चोख व्यवहारही होता, कारण ती पाहून पुढचा वाचक खिशात हात घालीत असे. स्वामित्वहक्काची नोंद त्यांनी स्वतःच्या नावे केली. ग्रंथाच्या नावातच तो लेखकाने स्वतः लिहिला असल्याचे म्हटले होते. वेळही अचूक साधली होती. त्याच मे महिन्यात विल्बरफोर्स यांनी गुलाम व्यापाराचा प्रश्न पार्लमेंटात मांडला.

पुस्तक छापले म्हणजे काम संपले, असे त्यांनी मानले नाही. इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड असे दौरे करून सभांतून आणि ओळखीच्या घरांतून ते प्रती विकत राहिले. आयर्लंडमध्ये साडेआठ महिन्यांत 1,900 प्रती खपल्याचे त्यांनी एका पत्रात कळविले आहे. नव्या आवृत्तीत नवा मजकूर आणि नव्या शहरांतील वर्गणीदारांची नावे येत. 1794 पर्यंत नऊ आवृत्त्या निघाल्या. न्यूयॉर्कमध्ये मात्र 1791 मध्ये त्यांच्या परवानगीवाचून पुस्तक छापले गेले. त्याचा एक पेन्सही त्यांना मिळाला नाही. आपल्याकडे 1936 मध्ये बाबासाहेबांनी लाहोरचे न झालेले भाषण पदरचे पैसे घालून छापले, त्याची येथे आठवण होते.

या स्वावलंबनाची किंमतही होती. 7 एप्रिल 1792 रोजी सोहॅम येथे सुझाना कलन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि थोड्याच दिवसांत ते स्कॉटलंडच्या दौऱ्यावर निघाले. त्याच महिन्यात लंडनच्या वृत्तपत्रांनी, हा मनुष्य आफ्रिकेत जन्मलाच नाही, अशी बातमी छापली. तिचा हेतू उघड होता. साक्षीदार खोटा ठरला की साक्ष आपोआप पडते, आणि पुस्तकाचा खपही. लेखक स्वतःच प्रकाशक असल्याने उत्तराला अवकाश होता. पुढच्या आवृत्तीत त्यांनी खुलासा केला आणि आपल्याला लहानपणापासून ओळखणाऱ्यांच्या साक्षी पुढे केल्या. दुसऱ्याच्या हाती पुस्तक असते, तर ही पाने त्याने छापली असती की नाही, कोण जाणे.

1794 मध्ये सरकारने सुधारकांची धरपकड सुरू केली. लंडनमध्ये ज्यांच्या घरी इक्वियानो राहिले होते, ते चर्मकार थॉमस हार्डी राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. त्या वर्षीच्या नवव्या आवृत्तीनंतर इक्वियानो यांच्या हयातीत दहावी निघाली नाही. फेब्रुवारी 1796 मध्ये सुझाना वारल्या. 31 मार्च 1797 रोजी स्वतः इक्वियानो गेले. त्याच उन्हाळ्यात थोरली मुलगी ॲना मारियाही. धाकटी जोआना तेव्हा दोन वर्षांची होती. 1816 मध्ये ती एकवीस वर्षांची झाली आणि वडिलांच्या मृत्युपत्रानुसार तिला 950 पौंड मिळाले. वडिलांनी स्वतःच्या सुटकेसाठी मोजले होते 40.