मुक्या जनावरांचे रुग्णालय

वरंध घाटाच्या पायथ्याशी भाताची शेती होते. पाऊस सुरू झाला की चिखलणीची घाई उडते. अशा ऐन वेळी बैलाला लाळ-खुरकूत झाली, तर शेतकऱ्याचे काम अडते. बैल मुका प्राणी. कोठे दुखते, हे तो सांगू शकत नाही. मग शेतकरी गुरांच्या डॉक्टरांकडे धाव घेतो. हे डॉक्टर तयार करण्याचे काम मुंबईत ज्या ठिकाणी सुरू झाले, त्या ठिकाणाशी सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांचे नाव जोडलेले आहे.

जनावरांवर उपचार करण्याची विद्या फार जुनी आहे. उर्दूत घोड्यांच्या वैद्याला 'सालोतरी' म्हणतात. हा शब्द प्राचीन भारतातील शालिहोत्र या अश्ववैद्याच्या नावावरून आला. अरबीतील 'बैतार' हा शब्दही जनावरांच्या वैद्यासाठीच आहे. पूर्वी ही विद्या बहुधा बापाकडून मुलाकडे जात असे. तिची पहिली आधुनिक शाळा १७६१ साली फ्रान्समधील लिओं शहरी स्थापन झाली.

दिनशॉ पेटिट यांचा जन्म ३० जून १८२३ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी एका व्यापारी पेढीत कारकुनी केली. पुढे ते कापडगिरण्यांचे मोठे मालक झाले.

त्या काळी मुंबईत मोटारी नव्हत्या. कापसाच्या गासड्या बैलगाड्यांतून जात. १८७४ साली ट्रामगाड्या सुरू झाल्या, त्याही घोडे ओढत. शहराचा सारा भार या जनावरांच्या खांद्यावर होता. त्यांचा छळ थांबावा, म्हणून त्याच वर्षी एक संस्था स्थापन झाली. म्हाताऱ्या व निराधार जनावरांसाठी पांजरपोळ १८३४ पासून होती. पण जखमी बैलाला नुसता आसरा पुरत नाही. त्याला औषधही लागते.

ही गरज ओळखून दिनशॉ पेटिट यांनी मोठी देणगी दिली. १८८३ साली परळ येथे जनावरांचे रुग्णालय स्थापन झाले. त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव दिले गेले.

रुग्णालय झाले, पण शिकलेले डॉक्टर कोठून आणायचे? २ ऑगस्ट १८८६ रोजी तेथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. विद्यार्थी वर्गात शिकत आणि रुग्णालयात आजारी जनावरे प्रत्यक्ष तपासत. अशा रीतीने दयेला विद्येची जोड मिळाली.

दिनशॉ पेटिट यांनी माणसांसाठीही दानधर्म केला. रत्नागिरीच्या कुष्ठरोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. १८८७ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. ५ मे १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

पूर्वी बुळकांडीच्या साथीत गोठेच्या गोठे रिकामे होत. लसीकरणामुळे हा रोग २०११ साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्यामागे देशोदेशीच्या पशुवैद्यांचे कष्ट होते. मुक्या प्राण्याची कीव सर्वांनाच येते. पण त्याचे दुखणे ओळखायला शिकावे लागते. परळचे ते रुग्णालय आणि महाविद्यालय आजही हेच काम करीत आहेत.

स्वाध्याय
१. 'सालोतरी' हा शब्द कोणाच्या नावावरून आला?
२. पांजरपोळ असूनही रुग्णालयाची गरज का होती?
३. 'दयेला विद्येची जोड मिळाली' असे लेखकाने का म्हटले आहे?