पंधराव्या वर्षानंतर

धंतोलीत राहणाऱ्याला घड्याळाची फारशी गरज पडत नाही. पाळी बदलली की गल्लीतून परिचारिकांचे घोळके जाऊ लागतात. काही घराकडे निघालेल्या, काही कामावर चाललेल्या. आमच्या या वस्तीत आता घरांपेक्षा इस्पितळंच जास्त झाली आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी हा रस्ता गॅलरीतून पाहत असते आणि लिहिण्याचं काम पुढे ढकलत असते.

समोरच्या कोपऱ्यावर एक पानठेला आहे. संध्याकाळी शिकवणीची मुलं तिथं थांबतात. प्लॅस्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू, चुना घालून खर्रा घोटला जातो आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरं तो गालात दाबून दुचाकीवर बसतात. एकदा पाळी संपवून निघालेली एक नर्स तिथं थांबली. ती रागावली नाही. तिनं त्या मुलांना आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहायला सांगितलं. पोरांना गंमत वाटली. दोघांची बोटं गेली. तिसऱ्याची दोनच गेली, तिसरं काही केल्या जाईना. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा ताठरते आणि तोंड उघडेनासं होतं, एवढं तिनं सांगितलं, कुठं दाखवायचं तेही सांगितलं आणि ती चालू लागली. सगळं मिळून पाच मिनिटं. त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो.

त्या संध्याकाळी मला कमलाताई होस्पेट आठवल्या. नागपूरकरांना हे नाव नवं नाही. पण पद्मश्री, मातृसेवा संघ, एवढं म्हणून आपण पुढे जातो. मला आठवली ती त्यांच्या आयुष्याच्या सुरुवातीची पंधरा वर्षांची मुलगी.

ती मोहोनी घराण्यातली. जन्म १८९६चा, खानदेशातल्या शिरपूरचा. तिचं लग्न झालं होस्पेटांच्या घरी, ज्या वयात आज मुली सहावी-सातवीच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालतात त्या वयात. पंधराव्या वर्षी ती विधवा झाली. मी हयातभर बँकेत काढली, म्हणून मला तीच भाषा सुचते : त्या काळच्या हिशेबात अशी मुलगी म्हणजे बुडीत खात्यात टाकलेली रक्कम. तिला लग्न हवं होतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. आता पुढे काय हवं आहे, हे विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. शरीर आणि मन नुकतं कुठं आकार घेऊ लागलेलं असतं, आणि त्याच वर्षी बाहेरचं जग दार लावून घेतं.

हे दार पूर्ण बंद मात्र नव्हतं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं विधवांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखवली होती. इकडे नागपुरात डफरिन इस्पितळ होतं. तिथं या तरुण विधवेनं परिचारिकेचं आणि सुईणपणाचं शिक्षण घेतलं. आज हे वाचताना त्यात काही विशेष वाटत नाही. पण बाळंतपण म्हणजे विटाळ, आणि त्या विटाळात हात घालणारी बाई म्हणजे हलक्या कामाची, अशी तेव्हाची समजूत होती. पांढरपेशा घरातल्या मुलीनं हे काम शिकणं म्हणजे वैधव्याच्या जोडीला आणखी एक बोल लावून घेणं होतं.

डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचं मोठं अधिवेशन भरलं. असहकाराचा ठराव झाला, देशभरचे पुढारी येऊन गेले. त्यानंतरच्या वर्षात, १९२१ साली, कमलाताईंनी आणि वेणूताई नेने यांनी याच शहरात मातृसेवा संघ सुरू केला. चार खाटांचं सूतिकागृह. अधिवेशनावर ग्रंथ लिहिले गेले. चार खाटांवर फारसं कुणी लिहिलं नाही. वेणूताईंचं नाव तर पुष्कळदा गाळलंच जातं, म्हणून इथं मुद्दाम लिहिते.

त्या खाटांवर कोण येत होतं, याची कल्पना करायला फार त्रास पडत नाही. ज्यांना आज आपण किशोरवयीन म्हणू, अशा मुली त्यांत असणारच. मुलीला पाळी येऊ लागली म्हणजे ती बाई झाली, असं घरची मंडळी धरून चालत. पण कमरेची हाडं त्यानंतरही काही वर्षं वाढत असतात. तेवढ्यात गर्भ राहिला तर मूल अडतं, रक्तदाब चढतो, झटके येतात. त्यात अंधारी खोली, शेगडीचा धूर, आणि नाळ कापायला जे हाताशी येईल ते पातं. आनंदीबाई जोशींचं बाळ गेलं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या, आणि तिथूनच त्यांची डॉक्टर होण्याची जिद्द सुरू झाली. कायदा संथ चालीनं आला. १९२९च्या शारदा कायद्यानं मुलीचं वय चौदा ठरवलं, १९४९ साली पंधरा झालं, अठरा व्हायला १९७८ उजाडलं. चार खाटा सुरू झाल्या तेव्हा शारदा कायदासुद्धा आठ वर्षं दूर होता.

अशा वेळी उकळलेली कात्री आणि धुतलेले हात हे तर हवेतच. पण मुलीला तिच्याच शरीराची ओळख करून देणारं माणूसही हवं. डॉक्टर येतात, पाहतात, जातात. रात्रभर उशाशी असते ती परिचारिका. कमलाताईंचं मोठेपण मला इथं दिसतं. त्यांनी केवळ बाळंतपणं केली नाहीत. हे काम करणाऱ्या बायका घडवल्या. संघानं परिचारिकांचं प्रशिक्षण चालवलं, शाखा वाढल्या, पुढे मतिमंद मुलांची शाळा, वृद्धाश्रम, समाजकार्याचं महाविद्यालय असा पसारा झाला. १९६१ साली पद्मश्री आली. १९८१ साली त्या गेल्या.

मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण माझा जन्म त्यांच्याच सूतिकागृहातला, १९६०चा. आई तेव्हा सतरा वर्षांची होती. म्हातारपणी तिनं एकदा सांगितलं की पहिली कळ येईपर्यंत मूल बेंबीतून येतं असंच तिला वाटत होतं. सासूनं, आईनं, कुणीच काही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते तिथल्या एका नर्सबाईंनी. काय होणार आहे, कधी जोर द्यायचा, नंतर काय खायचं. शिवाय दुसरं मूल लगेच नको, आणि ते नवऱ्याशी कसं बोलायचं, हेसुद्धा. माझ्यात आणि धाकट्या भावात पाच वर्षांचं अंतर आहे. ते त्या बाईंचं देणं आहे, असं आई मानत असे.

आज सरकारी कागदावर या कामाला मोठं नाव आहे. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात त्यातल्या सल्ला केंद्रांना मैत्री हे छान नाव मिळालं. पण नाव मैत्रीचं असलं तरी दाराशी आलेल्या मुलाला आत कोण भेटतं यावर पुढचं सगळं ठरतं. उपदेश भेटला तर ते पोरगं परत येत नाही. पानठेल्यावरच्या त्या नर्सकडे उपदेश नव्हता, तीन बोटं होती.

आमच्या घरीही हे सोपं नव्हतं. मी तेरा वर्षांची झाले तेव्हा आईला माझ्याशी त्या विषयावर एक शब्द बोलता येईना. ज्या गोष्टीचं तिला एवढं मोल वाटत होतं, तीच तिच्या तोंडून फुटेना. दोन-तीन दिवस ती माझ्याभोवती घुटमळली. मग एका दुपारी तिनं मला सायकलरिक्षात बसवलं आणि धंतोलीहून सीताबर्डीला नेलं. त्याच नर्सबाई होत्या, केस पांढरे होत आलेले. त्यांनी मला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून अर्धा तास सगळं समजावलं. मी पुष्कळ प्रश्न विचारले.

आई बाहेर बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसली होती. परतताना तिनं फक्त एवढंच विचारलं, कळलं का सगळं. मी मान हलवली. मग तिनं रिक्षा थांबवून संत्री घेतली.