बंद पडलेला पॉवर टिलर आणि रुडॉल्फ डिझेल

आषाढात घाटघरला मामांच्या खाचरात पॉवर टिलर बंद पडला. जुन्नर तालुक्यातलं, जीवधनच्या पायथ्याचं हे गाव. पाऊस लागला की दिवस दिवस उघडत नाही. चिखलणी अर्धी झालेली, आवणीला माणसं सांगून ठेवलेली, रोपांच्या मुठी बांधावर पडलेल्या. हँडल मारून दंड भरून आले, पण इंजिन काही पेटेना. टाकी कोरडी होईपर्यंत चालवलं होतं. नंतर डिझेल भरलं, तरी ढिम्म.

असं इंजिन अडलं की मला रुडॉल्फ डिझेल आठवतो. त्याचं पहिलं इंजिनही धड चालू झालंच नव्हतं.

१८ मार्च १८५८ ला पॅरिसमध्ये जर्मन आईबापांच्या पोटी त्याचा जन्म झाला. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. तिथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं. पुढे म्युनिकमध्ये बर्फाची यंत्रं बनवणारे कार्ल फॉन लिंडे त्याचे शिक्षक होते. वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला येतो, बाकी वाया जातो, हे त्याला तिथे कळलं आणि ते त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

त्याची कल्पना सोपी होती. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना? हवा खूप जोरात दाबली तर ती इतकी तापते की तिच्यात सोडलेलं तेल आपोआप पेटतं. ठिणगी नको, प्लग नको. १८९२ मध्ये त्याने पेटंट घेतलं. १० ऑगस्ट १८९३ ला आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिला स्फोट झाला. तो असा की दाब मोजायचं उपकरणच फुटून उडालं. इंजिन स्वतःच्या बळावर फिरलं नाही. मग पुन्हा जुळणी. १७ फेब्रुवारी १८९४ ला ते साधारण मिनिटभर चाललं आणि थांबलं. आणखी तीन वर्षं घासाघीस केल्यावर, १८९७ च्या चाचणीत त्याने इंधनातल्या उष्णतेचा २६ टक्के भाग कामाला लावला. वाफेच्या इंजिनाच्या अडीचपट!

पण सगळ्यात जास्त छळलं ते तेल आत सोडण्याच्या कामाने. सिलिंडरमध्ये आधीच प्रचंड दाब, त्यात थेंबभर तेल घुसवायचं कसं? त्याला वेगळा कॉम्प्रेसर लावून हवेच्या झोताबरोबर तेल आत मारावं लागे. त्यामुळे इंजिन अवाढव्य. कारखान्यात किंवा जहाजावर ठीक, शेतात नेणं अशक्य. सुरुवातीची बरीच इंजिनं गिऱ्हाइकांकडे बंद पडली, तक्रारी आल्या. तब्येत ढासळली, कमावलेला पैसाही चुकीच्या व्यवहारांत गेला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहावरच्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या की आणखी काही, यावर अजून वाद चालतो. मला कर्जाचं कारण पटतं.

तेल मोजून, थेट, जबर दाबाने आत मारणारा छोटा पंप बॉशच्या कारखान्यातून १९२७ मध्ये बाहेर पडायला लागला. डिझेलला जाऊन चौदा वर्षं झाली होती. त्या पंपामुळे इंजिन हलकं झालं. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, ती या पुढच्या काळातली.

आता मामांचा टिलर. टाकी कोरडी झाली की पाइपात हवा शिरते. सिलिंडरमध्ये जी हवा दाबली जाते म्हणून इंजिन पेटतं, तीच हवा तेलाच्या पाइपात आली की घात करते. पंप ढकलतो, हवा नुसती आकसते आणि नोजलपर्यंत दाब पोचतच नाही.

मी टाकीचा कॉक उघडला, फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू ढिला केला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. धार सुरू असतानाच स्क्रू आवळला. पंपाजवळही तेच. शेवटी नोजलकडच्या पाइपाचा नट अर्धा फेरा सैल करून हँडल फिरवायला लावलं. तिथून बिनबुडबुड्याचं डिझेल आल्यावर घट्ट केला. (नोजल बाहेर काढून फवारा पाहायचा मोह झाला तर हात लांब ठेवा. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो.) पुन्हा हँडल मारलं तेव्हा नोजलमधून किर्र असा आवाज आला. तो ऐकला की निम्मं काम झालं समजायचं.

डिकॉम्प्रेशनची खिट्टी वर, हँडलला वेग, खिट्टी खाली. काळा धूर सोडत इंजिन सुरू झालं. आवणी दुसऱ्या दिवशी दुपारी आटोपली. मामा आता टाकी पाव राहिली की डिझेल ओततात, तेही फडक्यातून गाळून.