व्हेर्दीच्या घरचे पाहुणे

युरोपातील ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा दूरचा भाऊबंदच होय. आपल्याकडे गद्य संवाद आणि पदे आलटून पालटून येतात, तर इटालियन ऑपेरात बहुतेक सारे नाटक गाण्यातूनच उलगडत जाते. दोहोंचा प्रपंच मात्र सारखाच खर्चिक आणि सारखाच अस्थिर. एका प्रयोगासाठी शंभर-दोनशे माणसे राबतात. लोकांच्या स्मरणात राहतात ती त्यांतली दोघे-चौघे. कंठ थकला, बोटे आखडली, की उरलेल्यांनी कोठे जावे? या प्रश्नाचे विटामातीचे उत्तर देणारा एक संगीतकार एकोणिसाव्या शतकात इटलीत होऊन गेला. त्याचे नाव जुझेप्पे व्हेर्दी.

10 ऑक्टोबर 1813 रोजी बुस्सेतो गावाजवळच्या ले रोंकोले या खेड्यात व्हेर्दीचा जन्म झाला. वडील तेथे लहानशी खाणावळ चालवीत. मुलाचा संगीताकडे असलेला ओढा पाहून बुस्सेतोच्या अंतोनियो बारेत्सी या किराणा व्यापाऱ्याने त्याला आश्रय दिला आणि पुढील शिक्षणाचा भार उचलला. गावातील एका धर्मादाय संस्थेनेही शिष्यवृत्ती दिली. गावाच्या पैशावर हा मुलगा 1832 साली मिलानला गेला. तेथील संगीत विद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला. प्रवेशाची वयोमर्यादा त्याने ओलांडली होती आणि त्याची पियानो वाजविण्याची पद्धतही परीक्षकांना पसंत पडली नाही. निराश होऊन परत न जाता तो मिलानमध्येच खाजगी शिक्षकाकडे शिकत राहिला. पुढे त्याच विद्यालयाने अभिमानाने व्हेर्दीचे नाव धारण केले, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल.

1836 साली बारेत्सीची कन्या मार्गेरिता हिच्याशी त्याचा विवाह झाला. 1839 साली ला स्काला या मिलानच्या प्रख्यात नाट्यगृहात त्याचा पहिला ऑपेरा रंगभूमीवर आला. पण सुखाचा हा काळ फार टिकला नाही. 1838 च्या ऑगस्टपासून 1840 च्या जूनपर्यंत, म्हणजे दोन वर्षांच्या आत, कन्या, पुत्र आणि पत्नी अशी तिघे काळाने ओढून नेली. त्याच वर्षी त्याचा एक विनोदी ऑपेरा सपशेल पडला. हा माणूस आता पुन्हा लेखणी हाती घेईल असे कोणास वाटले नसते. परंतु 1842 साली 'नाबुक्को' आला आणि व्हेर्दीचे नाव इटलीभर झाले. स्वदेशाला मुकलेल्या बंदिवानांचे त्यातील समूहगीत इटालियन लोकांच्या हृदयाला भिडले. पुढे 'रिगोलेत्तो' (1851), 'इल त्रोव्हातोरे' आणि 'ला त्राव्हियाता' (दोन्ही 1853), कैरो येथे प्रथम सादर झालेला 'आइदा' (1871), 'ओतेल्लो' (1887) आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी 'फालस्ताफ' (1893) अशी थोर नाटके त्याने जगाला दिली.

'नाबुक्को'च्या पहिल्या प्रयोगात नायिकेची भूमिका जुझेप्पिना स्त्रेप्पोनी या गायिकेने केली होती. वडील अकाली वारल्यामुळे कुटुंबाचा भार तिच्या गळ्यावर पडला होता. अतिश्रमाने तो गळा ऐन उमेदीत खचला आणि तिशीच्या सुमारासच तिला रंगभूमी सोडावी लागली. हीच जुझेप्पिना पुढे व्हेर्दीची सहधर्मचारिणी झाली. गायकाची कमाईची वर्षे किती थोडी असतात आणि पुढचे आयुष्य किती लांब असते, याची साक्ष व्हेर्दीला रोज घरातच मिळत होती.

कीर्तीबरोबर पैसाही आला. पूर्वी संगीतकार आपली कृती एकदाच ठोक रकमेला विकून मोकळा होई. नंतर ती किती गावी गाजली याच्याशी त्याचा संबंध उरत नसे. इटलीचे एकीकरण झाल्यावर 1865 साली तेथे लेखक-संगीतकारांच्या हक्कांचा कायदा झाला. या हक्कांबाबत व्हेर्दी फार जागरूक होता. हिशेबात तो अत्यंत काटेकोर होता; काहींनी त्याला कंजूषही म्हटले असेल. पण या काटेकोरपणाने जमविलेले धन कोठे गेले, हे पाहिल्यावर तो आक्षेप आपोआप गळून पडतो.

बुस्सेतोजवळ सांत आगाता येथे त्याने शेतीवाडी केली होती. जवळच्या व्हिल्लानोव्हा गावी त्याने स्वखर्चाने रुग्णालय बांधले. ते 1888 साली सुरू झाले. देणगी देऊन तो स्वस्थ बसला नाही. रोग्यांना जेवण अपुरे मिळते, दूध निर्भेळ नसते, असे कानी येताच त्याने व्यवस्थापकांना पत्राने खडसावले. दान दिल्यानंतरही दात्याचे कर्तव्य संपत नाही, अशीच त्याची धारणा असावी.

त्याच सुमारास एक मोठा संकल्प त्याच्या मनात आकार घेत होता. 1889 साली त्याने मिलानमध्ये जागा विकत घेतली. तेथे वृद्ध व निर्धन संगीत-व्यावसायिकांसाठी निवास बांधावयाचा होता. 'ओतेल्लो' आणि 'फालस्ताफ' यांची संहिता लिहिणाऱ्या आर्रिगो बोइतोचा बंधू कामिल्लो बोइतो याने आराखडा तयार केला आणि 1899 पर्यंत वास्तू उभी राहिली. संगीतरचनाकार, गायक, वादक, वाद्यवृंदाचे संचालक या सर्वांना तिचे दार उघडे होते. ज्यांना दैवाने साथ दिली नाही त्यांच्याबरोबरच, ज्यांना तारुण्यात काटकसर साधली नाही त्यांचाही व्हेर्दीने त्यात समावेश केला, हे विशेष. मदतीस पात्र कोण हे ठरविताना आपण सहसा आधी गुणदोषांची चौकशी करतो. व्हेर्दीने स्वतः आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवला, पण इतरांच्या उधळेपणाचा हिशेब मागितला नाही. तेथे राहणाऱ्यांना आश्रित न म्हणता आपले पाहुणे म्हणावे, अशी त्याची इच्छा होती. आपल्या साऱ्या कृतींमध्ये ही वास्तूच सर्वोत्तम, असे तो मानी.

तथापि नुसत्या वास्तूने संस्था चालत नाही. आपल्या ऑपेरांचे मानधन या निवासाला मिळत राहावे, अशी तजवीज व्हेर्दीने करून ठेवली. त्याच्या पश्चात कितीतरी दशके जगाच्या कोणत्याही शहरात 'रिगोलेत्तो'चा प्रयोग झाला, की त्यातील वाटा मिलानमधल्या एखाद्या थकलेल्या वादकाच्या ताटापर्यंत पोचत असे. ऑपेराने कमावलेले ऑपेराच्याच माणसांकडे परतावे, अशी ती साधी आणि पक्की योजना होती. हक्कांची मुदत सरल्यावरही संस्था थांबली नाही. तोवर तिची मुळे समाजात खोल गेली होती.

1897 साली जुझेप्पिना निवर्तली. 27 जानेवारी 1901 रोजी मिलान येथे व्हेर्दीनेही देह ठेवला. आपली अंत्ययात्रा साधी असावी, असे त्याने सांगून ठेवले होते आणि ती तशीच झाली. महिनाभरानंतर पतिपत्नींच्या शवपेटिका त्या निवासात नेण्यात आल्या, तेव्हा मात्र लक्षावधी माणसे रस्त्यावर लोटली. आर्तुरो तोस्कानीनीच्या नेतृत्वाखाली सुमारे आठशे गायकांनी 'नाबुक्को'तील ते समूहगीत गाइले. आपल्या हयातीत निवास उघडू नये, अशी व्हेर्दीची इच्छा होती. पाहुण्यांकडून आभार ऐकून घेणे त्याला नको होते. त्यामुळे पहिले पाहुणे तेथे राहावयास आले ते 1902 साली, त्याच्या जन्मदिनी. यजमान तळघरातील समाधीत निजलेला आणि वर त्याचे पाहुणे रियाझ करीत असलेले, असे हे आगळे घर आहे.

1999 पासून तेथे तरुण संगीत-विद्यार्थ्यांनाही जागा दिली जाऊ लागली. ज्या शहराने एका अठरा वर्षांच्या खेडवळ मुलाला दारातून परतविले होते, त्याच शहरात त्या मुलाने बांधलेल्या घरी आज परगावचे विद्यार्थी राहतात आणि जुन्या गायकांच्या पंक्तीला बसून जेवतात.

परप्रांतात राहून एखादी संस्था पन्नास वर्षे चालविणाऱ्यांना व्हेर्दीचे हे चरित्र परके वाटू नये. संस्था उभी करणाऱ्याची खरी परीक्षा त्याच्या पश्चात होते. ती पुढे कशावर चालेल याची तरतूद त्याने केली आहे काय, आणि तिच्या दाराशी आलेल्या थकल्याभागल्या माणसाला पाहुण्याचा मान मिळतो काय, या दोन प्रश्नांत तिचे भवितव्य साठविलेले असते. एका खाणावळवाल्याच्या मुलाने हे दोन्ही प्रश्न आपल्या हयातीतच सोडवून ठेवले होते.