सर्पगंधेचा वकील
दापोडी स्टेशनवर लोकलसाठी धावलो की बीपी वाढतं, दम खाल्ला की उतरतं. ज्यांचं उतरतच नाही, त्यांच्या डोळ्यांतल्या, किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब होतात. मुंबईचे हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील (१९११-१९७४) यांच्या तरुणपणी यावर धड औषधच नव्हतं. वैद्यांची सर्पगंधा होती. कोलकात्याच्या सेन-बोस यांनी १९३१मध्येच तिच्यावर लिहिलेलं, पण जगाने लक्ष दिलं नाही. डॉ. वकील आडनावाला जागले, पुरावाच गोळा केला! सर्पगंधा दिलेल्या ५० पेशंटचे निकाल त्यांनी १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. मग जग जागं झालं. १९५७मध्ये त्यांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. पुढे या औषधाने काहींना नैराश्य येतं असं दिसलं आणि नव्या गोळ्यांनी त्याची जागा घेतली.